स्नोमोबिल सोडून एटीव्हीकडे वळावे का?

हिमरेषा

नमस्कार. गेली १४ वर्षे मी स्नोमोबिल, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी, चालवतो आहे. ती विकून एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी फुगीर टायरांची चार चाकी गाडी, घ्यावी का, हा प्रश्न गेले दोन महिने माझ्या डोक्यातून जात नाही. सुरुवातीच्या वर्षांत डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत बर्फ टिकत असे आणि गाडी दारातूनच ट्रेलवर, म्हणजे अशा गाड्यांसाठी आखलेल्या वाटेवर, नेता येत असे. गेल्या हिवाळ्यात मला ती जेमतेम ९ दिवस चालवता आली. त्यांतही ५ दिवस ती ट्रेलरवर चढवून तीन तास दूर न्यावी लागली, आणि तिथे पोहोचल्यावर दुपारनंतर बर्फाची भुसभुशीत लापशी झालेली असे. विमा, नोंदणी आणि ट्रेलचा परवाना यांचे पैसे मात्र पूर्ण वर्षाचे भरावे लागतात.

एटीव्ही घेतली तर उन्हाळा आणि पानगळीचा काळ मिळून सहा-सात महिने तरी फिरता येईल असा माझा हिशेब आहे. दोन्ही गाड्या ठेवण्याइतकी जागा नाही आणि पैसेही नाहीत. ज्यांनी हा बदल केला आहे, त्यांना नंतर चुटपुट लागली का, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

रानवाट

मी सहा वर्षांपूर्वी हाच बदल केला आणि मला एकदाही पस्तावा झाला नाही. पहिल्याच वर्षी मी स्नोमोबिलच्या तिप्पट दिवस बाहेर पडलो. एटीव्हीवर वाटेत थांबता येते, इंजिन बंद करून पाखरांचे आवाज ऐकता येतात, मागच्या रॅकवर सामान बांधून दिवसभराची भटकंती करता येते. शिवाय ती घरच्या कामाला येते. मी तिच्यामागे लाकडे ओढून आणतो आणि हिवाळ्यात पुढे रुंद पाते लावून दारातला बर्फ सारतो. तुम्ही फार विचार करू नका, घेऊन टाका.

ध्रुव_तारा

रानवाट, तुमचे सगळे मान्य करूनही सांगतो की या दोन गाड्यांची तुलनाच होत नाही. ताज्या, खोल बर्फावर स्नोमोबिल जमिनीवर चालत नाही, ती तरंगते. वळण घेताना अंगाचा सगळा भार एका बाजूला टाकायचा, एक स्की हवेत उचलली जाते आणि गाडी आपल्या कमरेच्या इशाऱ्यावर वळते. आदल्या रात्री हिमवर्षाव झालेला असावा, पहाटे झाडांच्या फांद्या वाकलेल्या असाव्यात आणि आपल्या आधी त्या मोकळ्या माळावरून कोणी गेलेले नसावे. हा अनुभव चार चाकांवर कुठल्याही ऋतूत मिळत नाही. हिमरेषा यांनी दिवस मोजले आहेत, पण ९ दिवसांतला एक दिवस असा मिळाला असेल तर त्याची किंमत कशाने मोजणार?

जुना_कारागीर

माझे आयुष्य या दोन्ही गाड्यांच्या दुरुस्तीत गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कमी बर्फात स्नोमोबिल चालवणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे, हे आधी लक्षात घ्या. गाडीचा पट्टा ज्या दोन रुळांवरून फिरतो, त्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या बसवलेल्या असतात आणि आम्ही त्यांना स्लाइड म्हणतो. त्यांना वंगण मिळते ते बर्फातून. द्रवाने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांचा उष्णता-विनिमयकही पट्ट्याच्या वरच्या बोगद्यासारख्या पोकळीत असतो आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यावर आपटल्यावरच तो थंड होतो. कडक गोठलेल्या निसरड्या बर्फावर किंवा मातीवर काही किलोमीटर गेलात की स्लाइड तापून वितळू लागतात आणि तापमानाचा दिवा लागतो. गेल्या मार्चमध्ये माझ्याकडे आलेल्या एका गाडीच्या स्लाइड इतक्या झिजल्या होत्या की पट्ट्यावरच्या धातूच्या क्लिपा रुळाला घासून रूळच खरवडला गेला होता. मालकाने सांगितले की फक्त एकच रस्ता ओलांडायचा होता, पण तो रस्ता चांगला लांब निघाला. हिमरेषा, तुमच्या गाडीला स्क्रॅचर बसवलेले नसतील तर या हिवाळ्यापूर्वी नक्की बसवा. रुळांना लावलेल्या त्या तारा कडक बर्फ खरवडून त्याचा चुरा वर उडवतात आणि स्लाइड व इंजिन दोन्ही वाचतात.

आता एटीव्ही. तिथे शत्रू आहेत धूळ, चिखल आणि पाणी. एअर फिल्टर वेळेवर साफ केला नाही तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. ॲक्सलच्या सांध्यांवरची रबरी आवरणे फाटली की आत चिखल शिरतो, आणि वळताना कटकट आवाज येऊ लागला की सांधा गेला असे समजावे. चाकांची बेअरिंगे पाण्यातून फार नेल्यास लवकर जातात. स्नोमोबिल वर्षातले आठ महिने झाकून ठेवतात, त्यामुळे तिच्यात उंदीर घर करतात आणि जुने पेट्रोल विटते. एटीव्ही सतत वापरात राहते, त्यामुळे तिची झीज सतत होते. एटीव्हीची देखभाल कमी असते हा समज मनातून काढून टाका, ती फक्त वेगळी असते.

क्षितिज_पार

थोडे विषयांतर करतो, पण विषयाला धरूनच. ही गाडी कशासाठी जन्मली, हे आठवले की निर्णयाला मदत होते. कॅनडातल्या क्यूबेकमधल्या जोसेफ-आर्मांद बॉम्बार्दिए यांचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला, कारण बर्फामुळे त्याला वेळेत रुग्णालयात नेता आले नाही. पुढे त्यांनी दातेरी चाक आणि पट्ट्याची रचना सिद्ध केली आणि १९३७ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्या पहिल्या गाड्या अनेक माणसांना नेणाऱ्या बंद डब्याच्या होत्या. एकट्या-दुकट्याने चालवायची हलकी स्की-डू १९५९ मध्ये आली. १९६८ मध्ये राल्फ प्लेस्टेड आणि त्यांचे सहकारी स्नोमोबिलवरून उत्तर ध्रुवावर पोहोचले.

एटीव्हीची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. होंडाने १९७० मध्ये फुगीर टायरांची तीन चाकी गाडी बाजारात आणली, कारण हिवाळ्यात मोटारसायकली विकल्या जात नव्हत्या आणि विक्रेत्यांना त्या दिवसांत विकण्यासाठी काहीतरी हवे होते. म्हणजे आज आपण जिला उन्हाळ्याची गाडी म्हणतो, तिची कल्पना हिवाळ्याच्या रिकाम्या दुकानातून निघाली. तीन चाकी गाड्या सहज उलटत, म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेत उत्पादकांनी सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवली आणि चार चाके सर्वत्र रुळली.

आणखी एक बातमी या धाग्याशी जोडलेली आहे. यामाहाने २०२३ मध्ये जाहीर केले की २०२५ च्या मॉडेलांनंतर ते स्नोमोबिल बनवणार नाहीत. हिमरेषा यांना जे दारात दिसते आहे, ते कारखान्यांनाही दिसत असावे.

ध्रुव_तारा

क्षितिज, एका कंपनीने काढता पाय घेतला म्हणून छंद संपत नाही. पण बातमी वाचून मलाही वाईट वाटले होते, हे कबूल करतो.

उतारावरचा

सुरक्षेविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी एटीव्हीवरून एका गवताळ चढावर जात होतो. चढ फार नव्हता. अर्ध्यावर इंजिन दमले आणि मी सवयीने, स्नोमोबिलवर करतो तसे, हॅंडल वळवून उताराकडे फिरायला गेलो. वरच्या बाजूचे चाक एका दगडावर चढले आणि गाडी माझ्या अंगावर आली. माझा डावा पाय फूटरेस्टखाली अडकला होता, इंजिन अजून चालू होते आणि पेट्रोलचा वास येत होता. तीनशे किलोंहून जड असलेली ती गाडी एकट्याला हलेना. चाळीस मिनिटांनी मागून आलेल्या दोघांनी ती उचलली. घोट्यात आजही स्क्रू आहेत.

स्नोमोबिलवर मी शंभरदा पडलो असेन. बर्फ आपल्याला झेलतो, जमीन झेलत नाही. चढावर वर जाता येत नसेल तर ब्रेक दाबून धरा, अंगाचा भार वरच्या बाजूला ठेवा, गाडी गिअरमध्ये बंद करून उतरा, पण आडवे फिरू नका. ज्याला स्नोमोबिलची सवय आहे, त्याने एटीव्हीचे प्रशिक्षण नवशिक्यासारखे घ्यावे, कारण आपल्या शरीराला जुने उत्तर आधी आठवते.

वैदेही

उतारावरचा, तुमचे वाचून काळजात धस्स झाले. तरी बर्फ झेलतो या वाक्याला मला हरकत घ्यायची आहे, कारण बर्फ गाडतोही. मी हिमकड्यांच्या प्रदेशात बचाव पथकाबरोबर काही वर्षे स्वयंसेवकाचे काम केले आहे. हिमस्खलने बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि नेमके तेच उतार स्नोमोबिल चढवणाऱ्यांना खुणावतात. गाडल्या गेलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, त्यामुळे त्याला वाचवू शकतात ते सोबतचेच लोक. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारे रेडिओ यंत्र, पाठीवर शोधकाठी आणि फावडे नसेल तर उताराखाली उभेसुद्धा राहू नये. एक जण चढत असताना बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबावे.

आणि हिवाळे ऊबदार होत आहेत त्याचा परिणाम तळ्यांवरही होतो. स्नोमोबिलसाठी तळ्याच्या गोठलेल्या पाण्याचा साधारण १३ ते १८ सेंटिमीटर जाडीचा, पारदर्शक, नवा थर लागतो. पांढरा, हवेचे बुडबुडे अडकलेला थर असेल तर दुप्पट जाडी हवी. मागच्या वर्षी याच तारखेला तळे ओलांडले होते, हा आधार आता चालत नाही.

सुमेध

एक मधला मार्ग सुचवतो. एटीव्ही घ्या आणि हिवाळ्यात चाके काढून तिला पट्ट्यांचा संच लावा. एकाच गाडीत दोन्ही ऋतू होतील.

जुना_कारागीर

सुमेध, ही सूचना प्रत्येक वर्षी कोणीतरी करते आणि प्रत्येक वर्षी मला थोडे थंड पाणी ओतावे लागते. चार त्रिकोणी पट्टे लावले की एटीव्ही बर्फात जाते हे खरे आणि कामासाठी ती उत्तम असते. खांबांच्या तारा दुरुस्त करणारे, कुंपणे तपासणारे लोक ती वापरतात. पण वजन खूप वाढते, वेग पुष्कळ कमी होतो, स्टिअरिंग जड होते आणि ॲक्सल व बेअरिंगांवर ताण येतो. खोल, मऊ बर्फात ती स्नोमोबिलसारखी तरंगत नाही. ध्रुव_तारा यांनी वर्णन केलेली पहाट त्या गाडीवर मिळणार नाही. संचाची किंमतही एखाद्या जुन्या स्नोमोबिलइतकी होते.

शेतकरी_भाऊ

मी या सगळ्याकडे कुंपणाच्या पलीकडून पाहतो, कारण माझ्या जमिनीतून स्नोमोबिलचा ट्रेल जातो. ट्रेल सांभाळणाऱ्या क्लबला मी परवानगी दिली ती दोन अटींवर. जमीन गोठलेली असावी आणि वर पुरेसा बर्फ असावा. वसंतात बर्फ वितळला की तिथून कोणी गेले होते याची खूणही उरत नाही. त्याच वाटेवरून एटीव्ही गेल्या तर ओल्या मातीत चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचते आणि पुढच्या वर्षी नांगरताना मला त्या भराव्या लागतात. तीन वर्षांपूर्वी काही चालकांनी पावसानंतर माझ्या गवताच्या शेतातून गाड्या घातल्या. तेव्हापासून मी चाकांच्या गाड्यांना बंदीची पाटी लावली आहे. आसपासच्या चार जणांनीही तेच केले.

हिमरेषा, तुम्ही सहा-सात महिन्यांचा हिशेब केला आहे, पण तुम्हाला जे ट्रेल माहीत आहेत ते चाकांसाठी खुले आहेत का, हे विचारले आहे का? बर्फाची वाट आणि मातीची वाट नकाशावर एकच दिसते, पण परवानगी एकच नसते.

रानवाट

शेतकरी_भाऊ यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, आणि माझ्या पहिल्या उत्तरात मी ते लिहायला हवे होते. आमच्याकडेही बर्फ वितळण्याच्या काळात सगळे एटीव्ही ट्रेल काही आठवडे बंद असतात आणि जोराच्या पावसानंतरही बंद होतात. हिवाळ्यात स्नोमोबिलसाठी सपाट केलेल्या ट्रेलवर चाकांना बहुतेक ठिकाणी मनाई असते, कारण चाके त्यात खड्डे पाडतात. ज्यांच्या जमिनीतून आपण जातो त्यांचा राग ओढवून घेतला तर उद्या कोणालाच वाट उरणार नाही. चिखल उडवत जाण्यात मजा येते, पण तो चिखल कोणाच्या तरी शेतातला असतो.

हिमरेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेतकरी_भाऊ यांच्या प्रश्नानंतर मी क्लबला दूरध्वनी केला. माझ्या ओळखीच्या ट्रेलपैकी साधारण एक पंचमांशच चाकांसाठी खुले आहेत आणि तेही जूनपासून. माझा सहा-सात महिन्यांचा हिशेब कोलमडला. कारागीर, स्क्रॅचर बसवून घेतले आहेत. आता मात्र मी पूर्वीपेक्षा जास्त गोंधळलो आहे.

अनुजा

हिमरेषा, तुम्ही किलोमीटर, दिवस, पैसे हे सगळे लिहिले. तुमच्याबरोबर कोण असते, हे लिहिले नाही. मी विचारते, कारण आमच्या घरात हा निर्णय त्याच एका प्रश्नावर ठरला होता.

हिमरेषा

अनुजाताई, तुम्ही नेमके बोट ठेवलेत. दोन दिवस उत्तर लिहावे की नाही असा विचार करत होतो.

पहिल्या हिवाळ्यापासून माझी पत्नी माझ्या मागे बसत आली आहे. आमची गाडी दोघांच्या आसनाची आहे, मागच्या मुठींना गरम तारा आहेत आणि तिच्या हातमोज्यांनी त्या मुठींवरचे रबर गुळगुळीत केले आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या मानेची शस्त्रक्रिया झाली. शनिवारी दुपारपर्यंत ट्रेलवर जे उंचवटे तयार होतात, ओळीने, एकामागून एक, ते तिला आता सहन होत नाहीत. गेल्या वर्षीच्या ९ दिवसांतले ८ दिवस मी एकटा गेलो. तिने कधी तक्रार केली नाही. मी निघताना ती थर्मास भरून देत असे आणि मी परत आल्यावर कुठे कुठे गेलास हे विचारत असे. बर्फ कमी झाला हे खरेच आहे, पण बर्फ भरपूर असता तरी मी हा प्रश्न विचारला असता, असे आता वाटते. एटीव्हीवर हळू जाता येईल आणि ती पुन्हा मागे बसेल, एवढीच माझी इच्छा होती.

अनुजा

मोकळेपणाने लिहिल्याबद्दल धन्यवाद. आता माझा अनुभव सांगते. आमच्याकडे माझ्या यजमानांच्या पाठीचा त्रास होता आणि आम्ही दोघांच्या आसनाची एटीव्ही घेतली. तुम्ही तसे करण्यापूर्वी दोन गोष्टी ऐका. एक, एका माणसासाठी बनवलेल्या एटीव्हीवर दुसऱ्याला कधीही बसवू नका. त्या गाडीचे आसन लांब असते ते चालकाला पुढे-मागे सरकता यावे म्हणून, आणि मागे माणूस बसला की चढावर तिचा तोल मागे जातो. दोन, दोघांसाठी बनवलेल्या एटीव्हीतही मागचा माणूस मागच्या ॲक्सलच्या वर बसतो, त्यामुळे खडकाळ वाटेवर सर्वांत जास्त हादरे त्यालाच बसतात. आमची गाडी आम्ही एका वर्षात विकली आणि बाजूबाजूला बसण्याची साइड-बाय-साइड घेतली. तिच्यात दोघे दोन ॲक्सलांच्या मध्ये बसतात, आसनाला पाठ असते, अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा असतो आणि वर पिंजरा असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलता येते. स्नोमोबिलवर बारा वर्षांत आम्ही जेवढे बोललो नसू, तेवढे पहिल्या महिन्यात बोललो.

उतारावरचा

अनुजाताईंना पूर्ण अनुमोदन. फक्त रुंदी पाहून घ्या. जंगलातल्या काही ट्रेलवर ५० इंचांपेक्षा रुंद गाडीला प्रवेश नसतो आणि बहुतेक साइड-बाय-साइड त्याहून रुंद असतात. टायरमधली हवाही महत्त्वाची आहे. या टायरांत दाब अगदी कमी ठेवायचा असतो आणि मोटारीच्या सवयीने हवा भरली तर प्रत्येक खडा मणक्यापर्यंत पोहोचतो. कंपनीने सांगितलेला दाब कमी मोजणाऱ्या गेजने तपासा, कारण मोटारीच्या गेजवर तो नीट दिसतही नाही.

ध्रुव_तारा

हिमरेषा, मी पहिल्या उत्तरात पहाटेच्या बर्फाचे वर्णन केले होते. आता तुम्हाला स्नोमोबिल ठेवा असे मी म्हणणार नाही. ज्या हिवाळ्यात भरपूर बर्फ पडेल, त्या वेळी दोन दिवसांसाठी गाडी भाड्याने मिळते. माझ्याबरोबर चला, ताज्या बर्फाची बातमी मी देईन.

हिमरेषा

सर्वांना कळवायला उशीर झाला, क्षमस्व. गेल्या रविवारी एका मित्राची साइड-बाय-साइड घेऊन आम्ही दोघे खुल्या ट्रेलवर गेलो. टायरमधली हवा उतारावरचा यांनी सांगितल्याप्रमाणे निघण्यापूर्वी तपासली. वेग ताशी २० किलोमीटरच्या वर जाऊ दिला नाही. दर वीस मिनिटांनी थांबून तिला मानेचे विचारत होतो, तर तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने सांगितले की आता मी विचारले नाही तर जास्त बरे वाटेल. दोन तासांनी परतलो. सोमवारी सकाळी दुखणे नेहमीपेक्षा वाढलेले नव्हते. ट्रेल थोडेच आहेत, वाटेत दोन ठिकाणी बंदीच्या पाट्या लागल्या आणि आम्ही वळून आलो. एक पंचमांश ट्रेल आम्हाला पुरतील.

स्नोमोबिल विकायची असे ठरले आहे. कारागीर, विकण्यासाठी आता जाहिरात द्यावी की थांबावे? आणि तोवर क्लचवरचा बेल्ट काढून ठेवू का?

जुना_कारागीर

थांबा. वसंतात सगळेच विकायला काढतात आणि भाव पडतो. पानगळीच्या शेवटी, लोक आकाशाकडे पाहू लागले की जाहिरात द्या. तोवर पेट्रोल विटू नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटे चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोहोचेल. बेल्ट काढून सपाट जागी ठेवा, क्लच कोरडे राहतील. गाडीचा मागचा भाग उचलून पट्ट्यावरचा भार काढा आणि एक्झॉस्टच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी बसवा. स्लाइड नव्या घाला आणि जुन्या घेणाऱ्याला दाखवा. मागच्या मुठींचे रबर मात्र बदलू नका. नव्या मुठी हव्या असतील तर घेणारा बदलेल. त्या जुन्या काढून तुम्हीच घरी ठेवा असे मी सुचवतो, दोन स्क्रूंचे काम आहे.